मीटर कशानं पळतं?

वीजमीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. घरगुती सिंगल फेज मीटरवर बहुतेक वेळा ३२००, काहींवर १६०० किंवा ६४००. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली, एवढाच त्याचा अर्थ. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० नं भागलं की ११२५ येतात. आता दिवा एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं. जे येईल तितके वॉट त्या घडीला घरात चालू आहेत.

हे करून पाहायला घड्याळाशिवाय काही लागत नाही. घरात ९ वॉटचा एकच एलईडी बल्ब चालू असेल तर दिवा सव्वाशे सेकंदांनी एकदा लुकलुकतो. ७५ वॉटचा छताचा पंखा लावला की पंधरा सेकंदांनी. दोनशे वॉटचा कूलर लावला की साडेपाच सेकंदांनी. आणि बादलीत दीड हजार वॉटचा रॉड सोडला की सेकंद पुरा व्हायच्या आतच. तेव्हा एकेक न मोजता वीस वेळा लुकलुकायला किती वेळ लागला ते पाहून भागाकार करावा. ज्याच्या मीटरवर १६०० लिहिलंय त्यानं ११२५ ऐवजी २२५० धरावेत. मीटरला हात लावायचा नाही, सीलला तर मुळीच नाही, फक्त पाहायचं.

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशा नऊ तालुक्यांच्या या परभणी जिल्ह्यात घरोघरी हे साधन भिंतीवर टांगलेलं आहे. महावितरण महिन्यातून एकदा त्याकडे पाहतं. घरातली माणसं बिल जास्त आलं तरच पाहतात, आणि तेव्हा तोंडून एकच वाक्य निघतं : "मीटर लई पळायलंय." कार्यालयात गेलं की खिडकीपलीकडून उत्तरही ठरलेलं येतं : "तुमचा वापरच तेवढा आहे." दोघांपैकी कुणाच्याही हातात पुरावा नसतो. गेली कित्येक वर्षं मराठवाड्यात विजेच्या बिलाचं भांडण याच दोन वाक्यांवर अडलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की ते तिथून हलवायचं असेल, तर मोजमाप घरातल्या माणसाच्या हाती आलं पाहिजे.

परभणीत वसमत रोडवरच्या एका घरी आम्ही हे मोजलं. घरात एक मावशी, त्यांचा मुलगा-सून आणि दहावीतला नातू. पंखे बंद केले, दिवे बंद केले, टीव्ही रिमोटनं बंद केला, फ्रिजचा प्लगही थोड्या वेळापुरता काढला. दिवा तरीही वीस-बावीस सेकंदांनी लुकलुकतच होता.

"आता तर समदं बंद हाय," मावशी म्हणाल्या. "मग हे कशाचं जळायलंय?"

नातू घरभर फिरून आला. "आज्जी, देवघरातला झिरो चालू हाय."

"अरे, झिरोला कुठं लाईट लागतीय!"

लागते. जुना लाल झिरोचा बल्ब साधारण पंधरा वॉट खातो. मोठ्या बल्बच्या मानानं त्याचा उजेड नगण्य, म्हणून त्याचा खर्चही नगण्य असा समज होऊन बसला, आणि जुन्या चकतीच्या मीटरनं त्या समजाला हातभार लावला. एवढ्या कमी भाराला ती चकती फिरतेय की नाही हेच डोळ्यांना कळत नसे. पण देवघरातला बल्ब चोवीस तास जळतो. पंधरा वॉट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस म्हणजे महिन्याला जवळजवळ अकरा युनिट. त्या घरात त्याच्या जोडीला सेट टॉप बॉक्स होता, इंटरनेटचा राउटर होता आणि बॅटरी भरून झाल्यावरही थोडी वीज खात राहणारा इन्व्हर्टर होता. सगळे मिळून पन्नास वॉटच्या आसपास. चोवीस तास पन्नास वॉट म्हणजे महिन्याला ३६ युनिट. घरातलं कुणी एकही बटन न दाबता एवढी वीज जाते. झिरोच्या बल्बच्या जागी लाल रंगाचा अर्ध्या वॉटचा एलईडी बसवला तर देवापुढचा उजेड तसाच राहतो आणि दहा युनिट वाचतात. मावशींनी तो दुसऱ्याच दिवशी मागवला. नातवाला याचं फार अप्रूप वाटलं नाही, कारण किलोवॉट-तासाची गणितं त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेतच. पुस्तकातली ही गणितं घरातल्या मीटरशी कुणी जोडून दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

छत्तीस युनिट किरकोळ वाटतील, पण महावितरणच्या घरगुती दराची रचना पाहिली की त्यांचं वजन कळतं. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे दर होता, १०१ ते ३०० साठी १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा. म्हणजे शंभरावं युनिट ५ रुपये ८८ पैशांना आणि एकशे एकावं ११ रुपये ४६ पैशांना, त्यावर १६ टक्के वीजशुल्क. पुढं दर बदलत राहतात, पण हा शंभराचा उंबरठा कायम आहे. फेब्रुवारीत ९५ युनिट वापरणारं घर घ्या. एप्रिलमध्ये त्यात दोनशे वॉटचा कूलर रोज दहा तास चालू लागला की महिन्याला ६० युनिटांची भर पडते. त्यातली पाचच युनिटं स्वस्त दरात बसतात, उरलेली पंचावन्न महाग दरात. त्या साठ युनिटांचे २०२४-२५ च्या दरानं शुल्कासह साधारण ७६५ रुपये होतात. बिल वापराच्या प्रमाणात वाढत नाही, वापरापेक्षा जास्त वाढतं, आणि नेमकं हेच माणसाला मीटर बिघडल्यासारखं वाटतं.

परभणीत कूलर ही चैन नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या वर जाऊन बसतो, स्लॅबची घरं रात्री बारापर्यंत तापलेली राहतात. मार्च लागला की पत्र्याचे कूलर दुकानांपुढं रस्त्यावर मांडलेले दिसतात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या नाहीतर वाळ्याच्या ताट्या, आत एक मोटर, पंख्याची पाती आणि पाणी चढवणारा छोटा पंप. या पेटीवर ताऱ्यांचं लेबल नसतं. मोटर किती वॉटची हे विचारलं तर दुकानदार "हवा लई मारतोय" एवढंच सांगतो. पंप बिचारा वीस ते चाळीस वॉटचा. खरा खर्च मोटरीचा. तांब्याच्या वाइंडिंगची मोटर आणि ॲल्युमिनियमची, यांची किंमत वेगळी तशी भूकही वेगळी. दोन उन्हाळे चालून जळलेली मोटर भरून आणली, आणि भरणाऱ्यानं तारेत काटकसर केली, तर तोच कूलर पूर्वीपेक्षा जास्त वीज खाऊन कमी हवा देतो. हे डोळ्यांना दिसत नाही, लाल दिव्यावर मात्र लगेच दिसतं. कूलर विकत घेताना किंवा मोटर भरून आणल्यावर एकदा मोजून पाहणं हा माझ्या मते या जिल्ह्यातला सर्वांत उपयोगी दहा मिनिटांचा उद्योग आहे.

हिवाळ्यात उलटा हिशेब असतो. परभणीची थंडीही तिच्या उन्हाइतकीच कडक, पहाटेचा पारा एखाद्या वर्षी तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. एक माणूस आंघोळीला पंधरा लिटर पाणी घेतो आणि ते पंधरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवतो असं धरलं तर त्याला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. हे निसर्गाचं गणित आहे; रॉड स्वस्त असो की महाग, त्यात फरक पडत नाही. पाच माणसांच्या घरात महिन्याला पंचाहत्तर-ऐंशी युनिटं नुसत्या आंघोळीला जातात. म्हणून ज्यांच्या गच्चीवर सौर बंब आहे त्यांचं हिवाळ्याचं बिल एकदम वेगळं दिसतं. ज्यांच्याकडं चुलीवरचा तांब्याचा बंब अजून आहे, त्यांनी तो मोडीत घालण्याआधी एकदा विचार करावा.

कमी दाबाच्या विजेबद्दल एक गैरसमज सगळीकडं ऐकायला मिळतो, की लाईट डिम असली म्हणजे बिल तरी कमी येईल. घरात २३० व्होल्ट यायला हवेत, सहा टक्के कमी-अधिक चालतात. गावाच्या टोकाला, डीपीपासून लांब, संध्याकाळी हा आकडा १८० पर्यंत उतरला तर दीड हजाराचा रॉड नऊशे वॉटचाच राहतो. पण पाणी तापायला लागणारी उष्णता तेवढीच असल्यानं रॉड जास्त वेळ ठेवावा लागतो आणि युनिटं तेवढीच पडतात. पाण्याच्या मोटरीचं तर आणखी वाईट. परभणी शहरात नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, दाब कोसळतो, आणि दाब कमी असताना मोटर जास्त करंट ओढते, तापते, जळते. तेव्हा कमी दाबानं बिल वाचत नाही, मोटर भरण्याचा खर्च मात्र वाढतो.

फ्रिजचा हिशेब एका नजरेत होत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. त्याला पूर्ण दिवस मोजावं लागतं. त्यासाठी प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये बसणारा छोटा वॉटमीटर मिळतो, हजार-दीड हजारांच्या आसपास. फ्रिजच्या दारावरच्या लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ मध्ये उभा राहिला, २००६ पासून ताऱ्यांची लेबलं आली, आणि १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ती सक्तीची झाली. लेबल प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानाचं असतं. मे महिन्यात गॅसच्या शेगडीशेजारी, भिंतीला चिकटवून ठेवलेला फ्रिज त्याहून जास्त वीज घेणारच. पण दोन फ्रिजांपैकी कोणता घ्यावा हे ठरवायला ते लेबल पुरेसं आहे, आणि दुकानात किमतीच्या चिठ्ठीआधी ते वाचावं.

वीज मोजायची कशी, हा प्रश्न विजेच्या धंद्याइतकाच जुना आहे. एडिसनच्या सुरुवातीच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असत. ठरावीक काळानं त्या काढून तोलायच्या आणि वजनातल्या फरकावरून बिल करायचं. ग्राहकाला त्यातलं काहीही कळण्याची सोय नव्हती. पुढं हंगेरीच्या ओट्टो ब्लाथीनं १८८९ मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहासाठी फिरत्या चकतीचा मीटर आणला आणि घरातल्या माणसाला आपला खर्च फिरताना दिसू लागला. आपल्याकडं ही चकती नव्वदच्या दशकापर्यंत आणि पुढंही घराघरांत फिरत होती. तिच्या जागी आकड्यांचा पडदा आणि लाल दिवा आला तेव्हा मोजणं जास्त अचूक झालं, पण त्याकडं पाहण्याची सवय सुटली.

सवय सुटल्याची किंमत २०२० मध्ये सगळ्या राज्यानं मोजली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली, रीडिंग घेणारी माणसं घरोघर फिरणं बंद झालं. एप्रिल आणि मेची बिलं आधीच्या हिवाळी महिन्यांच्या सरासरीवर निघाली. प्रत्यक्षात लोक चोवीस तास घरात होते, उन्हाळा होता, पंखे-कूलर थांबत नव्हते. जूनमध्ये रीडिंग सुरू झालं आणि साचलेला सगळा वापर एका बिलात आला. त्याच एप्रिलपासून दरही बदललेले. राज्यभर आंदोलनं झाली, बिलं जाळली गेली. महावितरणचं म्हणणं होतं की दरटप्प्यांचा (स्लॅबचा) फायदा महिन्यांच्या संख्येनं गुणून दिला आहे, म्हणजे तीन महिन्यांचं बिल असेल तर पहिली तीनशे युनिटं स्वस्त दरानं धरली आहेत. हे तपासून पाहता येण्यासारखं होतं. तेव्हा ॲपवरून स्वतःच्या मीटरचं रीडिंग पाठवण्याची सोयही होती. पण ज्यांनी मार्च, एप्रिल आणि मे या तिन्ही महिन्यांचे आकडे स्वतः लिहून ठेवले होते असे किती होते? ज्या घरात दुधाचा हिशेब कालनिर्णयच्या चौकटीत रोज लिहिला जातो, तिथं विजेचा आकडा महिन्यातून एकदाही लिहिला जात नाही. तो लिहिलेला असता तर खिडकीवर रागाऐवजी कागद ठेवता आला असता, आणि जिथं बिल खरोखर चुकलं होतं तिथं ते सिद्धही करता आलं असतं.

यात सगळा दोष ग्राहकावर टाकणं अन्यायाचं होईल. वीज कायदा २००३ च्या कलम ५५ नुसार योग्य मीटरशिवाय वीज देता येत नाही. मीटर बंद पडला तर सरासरीनं बिल लावण्यालाही वीज नियामक आयोगाच्या नियमांत तीन महिन्यांची मर्यादा आहे. ग्राहकाला मीटरची तपासणी मागता येते, गाऱ्हाणे निवारण मंचाकडं जाता येतं, पुढं विद्युत लोकपालाकडं जाता येतं. हे हक्क कागदावर आहेत, पण ते वापरायला हातात आकडे लागतात.

मराठवाड्यानं मोजमापाची दुसरी, कडवट बाजूही पाहिली आहे. २००५ नंतरच्या भारनियमनात फीडरची, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीची, गळती आणि वसुली मोजून 'ए' पासून 'जी' पर्यंत गट पाडले गेले आणि शेवटच्या गटांना जास्त तास अंधार मिळाला. त्या फीडरवर तारेला आकडा टाकून वीज चोरणारा आणि दर महिन्याला बिल भरणारा, दोघंही एकाच अंधारात बसले. मोजमाप झालं ते फीडरचं, शिक्षा झाली ती घराला. प्रामाणिक ग्राहकाचा वापर वेगळा दिसावा अशी कोणतीच सोय त्यात नव्हती. त्याच काळात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि आता भारनियमन गेलं तरी ते भिंतीशी बसून आपला वाटा घेत आहेत.

घराच्या आतली वीज नीट मोजण्याचं मोलाचं काम महाराष्ट्रात झालं ते पुण्याच्या 'प्रयास' ऊर्जा गटात. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा करार आकड्यांनिशी तपासणारी हीच मंडळी. त्यांनी देशभर शेकडो ठिकाणी भिंतीच्या सॉकेटमध्ये छोटी यंत्रं बसवून मिनिटामिनिटाला दाब किती आणि वीज कधी गेली याची नोंद घेतली. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या काही घरांत फ्रिज, टीव्ही, पंखा, एसी यांचा वेगवेगळा वापरही त्यांनी मोजून लोकांसमोर ठेवला. या गटाच्या संस्थापकांपैकी गिरीश संत २०१२ मध्ये अकाली गेले. कमी वीज खाणारे पंखे कारखान्यातच स्वस्त कसे करता येतील, याचा त्यांनी धरलेला आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. पंखा गरिबाच्याही घरात असतो आणि तो दिवसातले बरेच तास चालतो.

त्या आग्रहाचा अर्थ परभणीच्या आकड्यांत मांडून पाहू. साधा पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉटचा. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. तिथल्या जलविद्युत केंद्रात साडेसात मेगावॉटचे तीन संच, एकूण क्षमता साडेबावीस मेगावॉट. पाच लाख पंखे बदलले तर एका वेळी बरोबर तेवढीच वीज वाचते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती, तेव्हा पाच लाख पंखे ही काही अशक्य संख्या नव्हे. आणि येलदरीतली वीज पाण्यावर अवलंबून आहे, पंख्यातली बचत नाही. शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्राला सोनपेठ तालुक्यातल्या गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी जातं. २०१३ च्या दुष्काळात ते केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. ज्या मुलखात वीज तयार करायलाच पाणी पुरत नाही, तिथं वाचलेलं युनिट आणि वाचलेलं पाणी वेगळं काढता येत नाही.

बीएलडीसी पंखा महाग आहे हे खरं. रोज सोळा तास चालणारा असेल तर तो महिन्याला साडेएकवीस युनिटं वाचवतो. २०२४-२५ च्या दरानं शुल्काआधी त्याचे किती रुपये होतात, हे उत्तर घरागणिक बदलतं : सगळी बचत वरच्या दरात बसली तर २४७ रुपये, सगळी खालच्या दरात बसली तर १२७. म्हणून सत्तर युनिट वापरणाऱ्या घरानं घाई करू नये, दीडशे वापरणाऱ्यानं करावी. आणि आधी बदलावा तो सर्वांत जास्त तास चालणारा पंखा, पाहुण्यांच्या खोलीतला नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. परभणीचं ऊन त्याला भरपूर पुरतं. तिथंही क्रम हाच असावा : आधी मोजा, मग वाया जाणारं थांबवा, मग उरलेल्या गरजेपुरते पॅनेल बसवा.

आता स्मार्ट मीटर येत आहेत. त्यांच्याविषयी लोकांच्या मनात शंका आहेत आणि त्या विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण हे मीटर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर नोंदवतात, आणि दिवसा वापरलेल्या विजेला सवलत देण्याचं धोरणही त्यांच्यासोबत आलं आहे. ती नोंद कंपनीच्या संगणकात पडून राहिली तर ग्राहकाच्या दृष्टीनं जुनाच कारभार चालू राहील. माझी मागणी साधी आहे : कोणत्या वेळी किती वीज गेली, हे सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत बिलावर छापलं जावं. ज्या मावशींना ॲप उघडता येत नाही, त्यांच्यासाठीही तो हिशेब आहे.

परभणीत श्री शिवाजी महाविद्यालय आहे, ज्ञानोपासक महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी एकेका गल्लीतली वीस घरं मोजली तर जिल्ह्याला स्वतःचे आकडे मिळतील. प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयानं दोन वॉटमीटर घेऊन पुस्तकांसारखेच आठवड्यासाठी घरी द्यावेत. खर्च दोन-तीन हजारांचा आहे. गणेश मंडळांनाही हे जमण्यासारखं आहे.

आणि वाचकांनो, या सगळ्याची वाट पाहू नका. आज रात्रीच मीटरसमोर उभे राहून पडद्यावरचा आकडा, तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहा. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुन्हा लिहा. दोन्हींतला फरक बिलाशी ताडून पाहा, आणि तो जुळला नाही तर तोच कागद घेऊन कार्यालयात जा.